पाण्यासाठी जमिनीवर



स्मृतिव्याख्यानात थोर पूर्वजांविषयी बोलावे अशी प्रथा आहे. ती मोडण्याचा माझा विचार नाही. मीही आज पूर्वजांविषयीच बोलणार आहे. फक्त थोडे अधिक मागे जाणार आहे. आपल्यापैकी बहुतेकांची वंशावळ सातव्या-आठव्या पिढीशी थांबते. त्यापलीकडे एकदम गोत्राचे ऋषी भेटतात आणि मधली जागा रिकामी असते. मला अभिप्रेत असलेले पूर्वज सुमारे अडतीस कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांना दाढी नव्हती, अंगावर खवले होते, आणि ते मासे होते.

या पूर्वजांचे एक चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. पाण्यातून एक मासा अर्धा बाहेर आला आहे, पुढच्या परांवर रेलून त्याने मान वर केली आहे, आणि समोर अफाट धरित्री पसरलेली आहे. चेहऱ्यावर असा काही भाव असतो की, आता हा गृहस्थ किनाऱ्यावर झेंडा रोवणार आणि भाषण करणार. चित्राखाली बहुधा ‘जीवसृष्टीची जमिनीवरील स्वारी’ असे काहीतरी लिहिलेले असते.

मला आज एवढेच सांगावयाचे आहे की ही स्वारी नव्हती. माशांना जमीन जिंकावयाची नव्हती. त्यांना पाण्यातच राहावयाचे होते, आणि पाण्यात राहता यावे म्हणून त्यांनी जे जे उपाय केले त्यांतून पुढे जमिनीवरचा संसार उभा राहिला.

शिवाय, मासा किनाऱ्यावर आला तेव्हा जमीन रिकामीही नव्हती. शेवाळी, लहानमोठ्या वनस्पती, पैसा किड्यासारखे बहुपाद प्राणी आणि कोळ्यांचे भाऊबंद तेथे आधीच स्थायिक झालेले होते. मंडप घालणे, सतरंज्या अंथरणे ही कामे दुसऱ्यांनी केली. उद्घाटक म्हणून फोटो मात्र आपल्या पूर्वजांचा छापून आला. ही पद्धत किती पुरातन आहे, हे यावरून दिसते.

पाण्यात राहण्यासाठी हवा घेणारा मासा पाहावयाचा असेल तर डेव्होनियन कालखंडापर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्या रामनगरच्या मासळीबाजारापर्यंत गेले तरी पुरे. इतर मासे तेथे बर्फावर निमूटपणे पडलेले असतात, पण मरळ मासा टबातल्या ओंजळभर पाण्यात जिवंत असतो आणि गिऱ्हाइकाकडे टक लावून पाहतो. तेलुगूत याला ‘कोर्रमीनु’ म्हणतात. तेलंगणाने त्याला राज्यमाशाचा मान दिला आहे. ‘पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखी तडफड’ हा आपला वाक्प्रचार त्याला फारसा लागू पडत नाही. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूस हवा घेण्याची एक खास पोकळी असते. अंग ओलसर राहिले तर तो पाण्याबाहेर बराच वेळ काढू शकतो. डबके आटले तर ओल्या जमिनीवरून सरपटत दुसरे डबके शोधतो, आणि तेही न सापडल्यास चिखलात रुतून पावसाची वाट पाहतो. उलट, त्याला पाण्याच्या पृष्ठभागावर येऊच दिले नाही, तर भरल्या पाण्यात तो गुदमरतो. मासा बुडून मेला, असे आपण कोणाला सांगितले तर आपल्या शिक्षणाविषयी शंका घेतली जाईल. पण मरळ माशाच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे.

याच माशाला आपल्या शहरात आणखी एक मान आहे. दर वर्षी जूनच्या आरंभी, मृग लागतो त्या सुमारास, दम्याचे हजारो रोगी देशभरातून हैदराबादेत येतात. बत्तिनी घराण्याची ही परंपरा १८४५ पासूनची असल्याचे ते कुटुंब सांगते. पूर्वी दूधबावलीत असलेली ही गर्दी पुढे नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर जमू लागली. मरळ माशाच्या जिवंत पिलाच्या तोंडात पिवळे औषध भरून ते पिलू रोग्याच्या घशात सोडले जाते. या उपायाच्या गुणाला वैद्यकशास्त्राने मान्यता दिलेली नाही, आणि कोणी यासाठी आपले नेहमीचे औषध बंद करू नये, हे मी शाळेच्या व्यासपीठावरून स्पष्ट सांगितले पाहिजे. पण श्वास घेता येत नाही म्हणून माणसाने पाण्यातून वर येऊन हवा घेणारा मासाच गिळावा, यातला योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. एवढ्या माशांतून नेमका श्वासोच्छ्वासातला तज्ज्ञच निवडला गेला.

आता हा प्रश्न विचारू या की, कल्ले असताना माशाला हवेची गरजच का भासावी? उत्तर आपल्या शहरातल्या तलावांना ठाऊक आहे. उथळ, कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यात सांडपाणी किंवा पालापाचोळा कुजू लागला की उरलासुरला प्राणवायूही संपतो. मग सकाळी तलावाच्या काठी मेलेल्या माशांचा पांढरा थर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते. अशा वेळी तग धरण्याची शक्यता असते ती मरळ आणि मागूर यांसारख्या, वर येऊन हवेचा घोट घेणाऱ्या माशांची. डेव्होनियन कालखंडात महानगरपालिका नव्हती, तरी पाणी बिघडत असे. काठावर नुकतीच पहिली अरण्ये उभी राहिली होती आणि त्यांचा पाचोळा दलदलीत कुजत असावा. अशा पाण्यात ज्यांनी पृष्ठभागावर येऊन हवा गिळली ते टिकले.

गिळली, हा शब्द मी मुद्दाम वापरतो. फुप्फुस हे अन्ननलिकेच्या खालच्या बाजूला फुटलेल्या एका पिशवीपासून झाले. १८५९ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिताना डार्विनची अशी समजूत होती की, माशाच्या पोटात तरंगण्यासाठी असलेल्या वाताशयाचेच पुढे फुप्फुस झाले. आज संशोधक क्रम उलटा मानतात. फुप्फुस आधी आले. पुढे बहुसंख्य माशांना चांगले पाणी मिळाले, हवेची निकड संपली, आणि त्या फुप्फुसाचे वाताशय झाले. म्हणजे रोहू माशाच्या पोटातला तो फुगा हे एक सेवानिवृत्त फुप्फुस आहे. मूळ काम सुटले, पण संस्थेत काहीतरी मानाचे पद सांभाळून आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, जमिनीवर पाऊल पडण्याच्या फार आधी फुप्फुस तयार होते, आणि ते तयार झाले पाण्यात, पाण्यात राहण्यासाठी.

या कथेचा एक अध्याय आपल्या दारात, गोदावरी आणि प्राणहितेच्या खोऱ्यात लिहिला गेलेला आहे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात मलेरी नावाचे गाव आहे. तेथील तांबड्या मातीच्या थरांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना चमत्कारिक दात मिळाले. नागपूरच्या मंडळींना हिस्लॉप हे नाव महाविद्यालयामुळे परिचित आहे. पण धर्मोपदेशाच्या फेऱ्यांत त्यांचे एक लक्ष दगडांकडेही असे. हे दात म्हणजे सुळे किंवा दाढा नव्हत्या. कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या कंगोऱ्यांच्या त्या चपट्या पट्ट्या होत्या. १८५९ सालीच, म्हणजे डार्विनचा ग्रंथ आला त्याच वर्षी, भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे टॉमस ओल्डहॅम यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. दात सेराटोडस या माशाचे निघाले, आणि त्यातल्या एका जातीला हिस्लॉप यांचे नाव मिळाले. धर्मोपदेशकाचे नाव लोकांच्या तोंडी राहते की नाही हे सांगता येत नाही. हिस्लॉपांचे मात्र माशाच्या तोंडी राहिले.

सेराटोडस हा फुप्फुसमीन, म्हणजे कल्ल्यांबरोबर फुप्फुसही बाळगणारा मासा. मलेरीचे थर सुमारे बावीस-तेवीस कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे आपले पूर्वज जमिनीवर येऊन तोवर फार काळ लोटला होता. तेव्हा मलेरीचा मासा हा आपला आजोबा नव्हे. घरातले काही जण बाहेर पडल्यावर मूळ वाड्यात राहिलेला हा चुलता. त्या काळी विद्वानांची समजूत अशी होती की, हा चुलता केव्हाच निवर्तला आहे आणि मागे फक्त दात उरले आहेत.

आणि १८७० साली तो ऑस्ट्रेलियात जिवंत सापडला. क्वीन्सलंडच्या नद्यांत एक मोठा मासा मिळतो, हे तेथील गोरे वसाहतवाले जाणून होते. ते त्याला सामन म्हणत आणि खात. विल्यम फॉर्स्टर नावाच्या जमीनदार राजकारण्याने या विचित्र माशाविषयी सिडनीच्या संग्रहालयाचे प्रमुख जेरार्ड क्रेफ्ट यांना पूर्वी सांगितले होते, पण क्रेफ्ट यांचा विश्वास बसला नव्हता. राजकारण्याने सांगितलेल्या माशाच्या गोष्टीवर शास्त्रज्ञाने विश्वास ठेवू नये, हे नियम म्हणून ठीकच आहे. पुढे मासा प्रत्यक्ष समोर आला. क्रेफ्ट यांनी त्याचे तोंड उघडून पाहिले, तर आत जीवाश्मांतून ओळखीचे झालेले तेच कंगोरेदार दात. त्यांनी माशाला फॉर्स्टर यांचेच नाव देऊन टाकले. जगातील विद्वान ज्या प्राण्याला अश्मीभूत समजत होते, तो काही लोकांच्या ताटात नियमितपणे वाढला जात होता.

ऑस्ट्रेलिया आणि आपले दख्खन त्या काळी एकाच विशाल भूखंडाचे भाग होते. त्या भूखंडाला जगभर गोंडवन म्हणतात, आणि हे नाव ज्या गोंड लोकांच्या प्रदेशावरून पडले त्यांची वस्ती मलेरीच्या परिसरातही आहे. घराण्याचे नाव आपल्याकडचे, दात आपल्याकडचे, आणि जिवंत वारस परदेशी, हा प्रकार आपल्या श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नसावी.

या चुलत्याशी आपले नाते किती जवळचे आहे, हे २०१३ साली जनुकांच्या अभ्यासातून पक्के झाले. आज जिवंत असलेल्या सर्व माशांत चार पायांच्या प्राण्यांना सर्वांत जवळचा फुप्फुसमीनच आहे. याचा अर्थ असा की, फुप्फुसमीन हा रोहूपेक्षा तुमच्या-माझ्या अधिक जवळचा. दोघांनाही आपण मासा म्हणतो हा निव्वळ आपला आळस.

आता पायांकडे वळू. १९८७ साली जेनी क्लॅक या ब्रिटिश संशोधिकेने पूर्व ग्रीनलंडमध्ये अकँथोस्टेगा या प्राण्याचे उत्तम जीवाश्म मिळवले. छत्तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या या प्राण्याला बोटे असलेले हातपाय होते. पण त्याचबरोबर कल्ले होते, शेपटीला माशासारखा पर होता, आणि हातपाय इतके लेचेपेचे होते की त्यांवर शरीराचा भार पेलला नसता. म्हणजे पायही जमिनीवर चालण्यासाठी आले नाहीत. उथळ पाण्यातल्या पाणवनस्पतींतून वाट काढताना ते उपयोगी पडले असावेत. आश्चर्य म्हणजे त्याच्या एकेका हाताला आठ बोटे होती. पुढे ती पाचावर का स्थिरावली हे काहीही असो, आपले नुकसान झाले एवढे नक्की. दोन हातांची सोळा बोटे राहिली असती तर सोळा आण्यांचा रुपया बोटांवर मोजता आला असता, आपला हाली सिक्काही त्यात बसला असता, आणि १९५७ साली नव्या पैशाचा खटाटोप करावा लागला नसता. फक्त ‘पाचही बोटे सारखी नसतात’ ही म्हण थोडी लांबली असती.

२००४ साली कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समीअर बेटावर नील शुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना टिकटालिक सापडला. तेथील इनुइट वडीलधाऱ्यांनी सुचवलेल्या या नावाचा अर्थ, गोड्या पाण्यातला मोठा मासा. वय साडेसदतीस कोटी वर्षे. खवले आणि पर माशाचे; पण पराच्या आत खांदा, कोपर आणि मनगटाची हाडे. डोके सुसरीसारखे चपटे, डोळे डोक्याच्या वर. आणि खांद्यापासून सुटी झालेली मान, जी माशाला नसते. २०१७ साली झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, या घराण्याचे डोळे आधी जवळजवळ तिपटीने मोठे झाले आणि बोटांचे पाय नंतर आले. पाण्यातून फार दूरचे दिसत नाही, हवेतून दिसते. काठावरच्या किड्यांकडे आमच्या पूर्वजांनी पुष्कळ काळ पाण्यातूनच डोळे लावले होते, असा निष्कर्ष त्या संशोधकांनी काढला. शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहण्याची सवय आपल्याला कोठून लागली, यावर याने थोडा प्रकाश पडतो.

मात्र टिकटालिकलाही मूळपुरुष म्हणून चौरंगावर बसवता येत नाही. २०१० साली पोलंडमधील एका खाणीतून चार पायांच्या प्राण्याची पाऊले उमटलेले खडक प्रसिद्ध झाले. ते टिकटालिकहून सुमारे दीड-दोन कोटी वर्षांनी जुने आहेत. म्हणजे ज्याच्या आगमनाच्या स्वागताची आपण तयारी करीत होतो, त्याच्या आधीच कोणीतरी येऊन, पाय न धुता, घरभर फिरून गेले होते. विज्ञानात असे वारंवार होते, आणि ते आनंदाने मान्य करणे हेच विज्ञान.

घाईघाईत, मिळेल त्या साहित्यातून केलेल्या या स्थलांतराची किंमत आपण अजून देत आहोत. फुप्फुस अन्ननलिकेच्या पोटाकडच्या बाजूला फुटले आणि नाक राहिले वरच्या बाजूला. त्यामुळे घशात अन्नाची वाट आणि हवेची वाट एकमेकींना छेदतात. कोणत्याही अभियंत्याने हा चौक मंजूर केला नसता. प्रत्येक घास श्वासनलिकेच्या तोंडावरून जातो, याचे नवल डार्विननेही नोंदवले आहे. चौकात एक छोटी झडप हवालदारासारखी उभी असते. आपण जेवताना बोललो आणि तिचे लक्ष चुकले की ठसका लागतो. कधी कधी त्यात माणूस दगावतोही. जेवताना बोलू नये, हा आपल्या आजीचा नियम अडतीस कोटी वर्षांच्या जुन्या चुकीवरचा उतारा आहे. उचकीविषयीही काही संशोधकांचा असा तर्क आहे की, बेडकाचे पिलू कल्ल्यांवरून पाणी फिरवताना जी हालचाल करते तिचाच हा अवशेष असावा. उचकी लागली की कोणीतरी आपली आठवण काढीत आहे, असे आपण म्हणतो. तर्क खरा असेल, तर आठवण काढणारे कोण आहेत हे आता आपल्याला कळले.

शेवटी ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला तिच्याकडे येतो. जमिनीवर आलेल्या या मंडळींना एक अडचण दीर्घकाळ सुटली नाही. स्वतः ती काठावर राहू शकत होती; अंडी घालण्यासाठी मात्र पाण्यातच परत जावे लागे. बेडूक आजही जातो. ही अडचण सुटली ती एकतीस कोटी वर्षांच्या सुमारास, कवचाआड पाणी राखणाऱ्या अंड्यामुळे. तळे सोडता येत नव्हते, म्हणून तळेच बरोबर घेण्याची सोय झाली. आपणही आईच्या उदरात गर्भजलात वाढतो. इतक्या कोटी वर्षांनंतरही आयुष्याचे पहिले नऊ महिने जमिनीवर काढण्याचे धैर्य आपल्यात आलेले नाही.

हैदराबादेतल्या मराठी माणसाला ही हकीकत परकी वाटू नये. आपली अनेक घराणी निजामाच्या काळी नोकरी, वकिली, व्यापार यांसाठी येथे आली. तेव्हा मराठवाडा याच संस्थानात होता. पाणी सलग होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. पाणी ओसरले, आणि येथली मंडळी एका दिवसात, जागचे न हलता, काठावर आली. त्यांनी कोणतीही स्वारी केलेली नव्हती. त्यांना होते तसेच राहावयाचे होते. आणि तसे राहता यावे म्हणूनच ती उर्दूत श्वास घ्यायला शिकली, तेलुगूत शिकली, इंग्रजीत शिकली. कचेरीत एक भाषा, बाजारात दुसरी, आणि घरी मराठी. मरळ माशासारखे कल्लेही ठेवले आणि वरची हवाही घेतली.

पण स्वतः काठावर जगणे वेगळे आणि पुढची पिढी वाढवणे वेगळे. त्यासाठी पाणी लागते. ते पाणी बरोबर असावे म्हणून अशा शाळा काढल्या गेल्या. ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्यासारख्यांनी ते पाणी राखण्यात आपले आयुष्य घालवले. मराठी शाळांना विद्यार्थी मिळतील का, ही चिंता आज आपण एकमेकांजवळ बोलून दाखवतो. चिंता खरी आहे. त्यावर माझ्याकडे तयार तोडगा नाही. माशांच्या इतिहासातून एवढेच कळते की, जुने पाणी परत येईल म्हणून नुसते वाट पाहत बसलेले बहुतेक आटलेल्या तळ्याबरोबर गेले. आणि बाहेर पडलेल्यांपैकी ज्यांनी आतले पाणी सांभाळण्याची सोय केली, त्यांची पिले तळ्यापासून कितीही दूर वाढली. मूल येथून तेलुगूत जाईल, इंग्रजीत जाईल, समुद्रापलीकडे जाईल, ते जावेच. कवचाच्या आत थोडे पाणी राहील याची काळजी तेवढी शाळेने, आणि शाळेपेक्षा अधिक घराने, घ्यावयाची आहे.

आता कार्यक्रमानंतर अल्पोपाहाराची व्यवस्था केली आहे, असे मला सांगण्यात आले आहे. आपण सर्व जण पुष्कळ वर्षांनी भेटत आहात, तेव्हा खाताना बोलणे होणारच. घशातल्या त्या चौकाची आठवण ठेवावी, एवढी विनंती करतो.